नसलेल्या दिवशी जन्मलेले पणजोबा

सांता रोमाना, इलोइलो
३ जानेवारी २०२५

प्रिय मानांग फेली,

थोरल्या बहिणीचा मान म्हणून तुझा उजवा हात मी माझ्या कपाळाला लावला आहे आणि तू मला आशीर्वाद दिला आहेस, असे समजून पुढे वाच. विनिपेगला थंडी किती आहे हे विचारत नाही. मागच्या वेळी विचारले तेव्हा तू आकडा सांगितलास आणि आईने इथल्या उकाड्यात दोन चादरी मागून घेतल्या. भाऊजींच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे रक्तदाब, पाठ आणि पोट एवढे सोडले तर. आईची मात्र खरोखरच बरी नाही. डॉक्टर म्हणतात, ईस्टरपर्यंतचे काही सांगता येत नाही. हे फोनवर सांगायची सोय नाही, कारण दृष्टी गेल्यापासून ती फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावते आणि दोन्हीकडचे ऐकते. (शेजारच्या तीन घरांनाही ऐकू जाते. भाऊजींचा गुडघा हा आता गल्लीचा विषय आहे.) म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे की आपल्या गावाला स्वतःचे चर्च १८४४ साली मिळाले. गेल्या वर्षी त्याला एकशे ऐंशी वर्षे झाली आणि नगराध्यक्षांच्या डोक्यात एक कल्पना आली: चौकात एक भिंत बांधायची आणि त्याच वर्षी जन्मलेल्या, म्हणजे गावाच्या जुळ्या भावंडांसारख्या, पाच थोर व्यक्तींची नावे तिच्यावर कोरायची. प्रत्येक नावाखाली ज्याच्या त्याच्या कामाची खूण. हे आईला सांगितल्याबरोबर ती उठून बसली. तिचे आजोबा सिल्वेस्त्रे, गावच्या बँडचे ट्रंपेटवाले, त्याच वर्षीचे. गावात कोणीही मेले की बँड ज्या चालीवर चालतो ती त्यांची, पण बँडच्या वहीत तिच्यावर 'पारंपरिक' असे लिहिले आहे, आणि हा शब्द आईच्या छातीत सत्तर वर्षे रुतून बसला आहे. ते वारले तेव्हा ती सात वर्षांची होती. ते तिला मांडीवर घेऊन तिच्या गुडघ्यांवर ताल धरत, असे ती अजून सांगते. ती मला म्हणाली, "त्यांचं नाव एकदा हाताला लागू दे. मग माझं काही मागणं नाही." मानांग, आईने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली, मी लग्न करावे ही होती.

निवड समितीचा चिटणीस मीच. (चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यावर माणसाकडे चिटणीसपद आपोआप येते, जसा संधिवात येतो.) अध्यक्षा पुरीता, माझी जुनी विद्यार्थिनी, ती भाताच्या गिरणीवाल्यांची. तिचे पणजोबा आनाक्लेतो हेही उमेदवार होते. तिचे मन मोठे, पण पुराव्याच्या बाबतीत जरा सैल. मला वाटले, आपल्या माणसाच्या निवडीवर उद्या कोणी बोट ठेवायला नको. म्हणून मी स्वतःच नियम लिहून काढला की ज्याची जन्मतारीख उपलब्ध आहे त्याची ती तपासली जाईल आणि अंदाजाने कोणतीही तारीख धरली जाणार नाही. पहिली चार नावे बिनबोभाट ठरली. पाचवे आपलेच, या खात्रीने मी ऑक्टोबरातच आईला सांगून टाकले की झाले, निवड झाली. तिने त्या दिवशी वाटीभर पेज संपवली.

चर्चची जुनी वही युद्धात जळाली, म्हणून थडग्याचा दगड हाच पुरावा. तोही कोणी वाचलेला नव्हता, कारण आपल्या घराण्याने दर वर्षी मृतांच्या सणाला त्याच्यावर चुन्याचा एक हात मारण्यापलीकडे काही केलेले नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळे गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावून जेवत बसले होते आणि मी तारेच्या ब्रशने पणजोबांना खरवडत होतो. ऐंशी वर्षांचा चुना. खालून स्वच्छ अक्षरे निघाली: जन्म, ३१ डिसेंबर १८४४. मी आनंदाने फोटो काढला आणि स्वतःच्या हाताने समितीकडे पाठवला.

तू माझ्या वर्गात कधी बसली नाहीस, म्हणून सांगतो. स्पेनची माणसे आपल्या या बेटांवर मेक्सिकोच्या बाजूने आली, त्यामुळे आपले कॅलेंडर शेजाऱ्यांच्या एक दिवस मागे चालत होते. ते नीट करायला गव्हर्नराने १८४४ साली ३० डिसेंबरनंतर थेट १ जानेवारी आणला. त्या वर्षी इथे ३१ डिसेंबर उगवलाच नाही. हे मी चौतीस वर्षे, दर वर्षी, फळ्यावर लिहून शिकवले. आणि चौतीस वर्षे दर ३१ डिसेंबरला घरी येऊन पणजोबांच्या वाढदिवसाच्या शेवया खाल्ल्या. या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नाही. फळा शाळेत होता, शेवया घरी होत्या.

पुरीताच्या डोक्यात मात्र लगेच पडली. तिने फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "सर, ही तारीख नव्हतीच ना?"

मी म्हणालो, घरच्यांनी नंतर अंदाजाने कोरली असेल. नाव सिल्वेस्त्रे, आणि त्या संताचा दिवस ३१ डिसेंबरचा, म्हणून तारीखही तीच धरली असेल.

"मग एक जानेवारी धरायची का? पण मग ते पंचेचाळीसचे होतात."

"आणि तीस धरली तर?"

"सर, अंदाजाने धरायचं नाही हा तुमचाच नियम. आणि रागावू नका, पण दुसरीतल्या पोरालाही कळेल असा प्रश्न चुकलीस म्हणून याच दिवसासाठी तुम्ही मला शून्य दिलं होतंत. सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं होतंत."

मला ते आठवले. तिला तर चांगलेच आठवत होते. मग आनाक्लेतोंची तारीख निघाली. ती नव्हतीच. त्यांच्या घरी फक्त एवढे सांगतात की ते चव्वेचाळीस साली लावणी आणि कापणी यांच्या मधे कधीतरी झाले. तारीख उपलब्ध नाही, म्हणून तपासायची नाही, म्हणून चूक निघायची नाही. पाचवी जागा त्यांना मिळाली. ठराव मीच लिहिला, चांगल्या अक्षरात.

घरी येऊन मी आईला काही बोललो नाही. रोज ठरवायचो, रोज ती विचारायची, "अक्षरं खोल कोरतात ना रे? वरवर नको." मी म्हणायचो, खोल. मला रात्रीचे अन्न गोड लागेना. तीस डिसेंबरला भिंतीचे उद्घाटन झाले. गर्दीत तुला झेपणार नाही, असे सांगून मी तिला घरी ठेवले. एकतीसला दुपारी मात्र तिने स्वतःच लुमिंगकडून केस विंचरून घेतले (लुमिंग, कोपऱ्यावरची विधवा, तिला आंघोळ घालते) आणि चाकाच्या खुर्चीत जाऊन बसली. आजोबांचा वाढदिवस, आजच जायचे.

चौकात कोणी नव्हते. मी तिचा हात धरला आणि पाचव्या नावावर ठेवला. आनाक्लेतोंच्या. तिची बोटे अक्षरांवरून फिरली आणि मी थांबवायच्या आत खाली घसरली, जिथे भाताची लोंबी कोरली आहे. मी घाईने म्हणालो, "ही ट्रंपेट." तिने ती बराच वेळ चाचपली. मग म्हणाली, "ट्रंपेटला जरा केस आलेत." मी म्हणालो, जुन्या पद्धतीची आहे. ती म्हणाली, "असेल." मग तिने भिंतीवर दोनदा थोपटले, आणि घरी येऊन दोन घास शेवया खाल्ल्या. मानांग, माझी मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. आणि ती दोन घास जेवली म्हणून मला बरेही वाटले.

बाकी सर्व कुशल.

तुझा धाकटा भाऊ,
ताकियो

ता. क. : खरे काम आता लिहितो. हे पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी फोनवर आई भिंतीचे विचारील. तू म्हण की फोटो पाहिला, नाव ठळक आहे आणि ट्रंपेट छान आली आहे. मी आयुष्यभर इतरांच्या चुका खोडल्या, ही एक तू राहू दे.

ता. क. २ : पुरीताला रागाचे पत्र लिहू नकोस. तिचे बरोबर होते. परीक्षेत मात्र चूकच होते.

मानांग फेली, मी लुमिंग. सरांनी पाकीट पोस्टात टाकायला उघडंच दिलं होतं. आजींनी मला सगळं वाचायला लावलं आणि खाली हे लिहायला सांगितलंय. त्या म्हणतात, मी भात झोडपत मोठी झाले, लोंबी मला कळते. रविवारी तू फोटो बघितला असंच म्हण, मोठ्यानं म्हण, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे. माझ्या वेळी बँडला तीच चाल वाजवायला सांगा, म्हणजे झालं. आणि मला कळलं हे ताकियोला सांगू नकोस. जन्मात पहिल्यांदा तो मनापासून खोटं बोललाय, ते त्याला नीट जमलं असंच वाटू दे.