निऑनच्या पाटीला हात जोडले

चांदा, शनिवार, १९५७

आमच्या हॉटेलावर आज निऑनची पाटी लागली एकदाची! ह्यांनी ती नागपूरहून भाताच्या तणसात निजवून आणली, बाळासारखी. काचेच्या नळीनेच 'चहा' लिहिलेलं. संध्याकाळी बघायला अख्खी गल्ली जमली. ह्यांनी बटण दाबलं, नळी जरा गुरगुरली आणि एकदम लालभडक पेटली. अन् माझे हात जोडले गेले! तिन्हीसांजेला दिवा लागला की जोडतोच ना आपण? माझं बघून चामोर्शीहून आलेल्या बायांनीही जोडले. एकीने तर आधी चपला काढल्या.

हे सगळ्यांसमोर ओरडले, "काऊन वं, हा का देवापुढचा दिवा हाय? लोकं हासून राह्यले ना!"

लागलं मला. हसत तर कोणीच नव्हतं. ती चपला काढणारी उलट दोन कप चहा पिऊन गेली.

मग लाइट गेली. परत आली तेव्हा बाहेर हे एकटेच होते. मी खिडकीतून बघत होते. पाटी पेटली. ह्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच हात जोडले.

मी काही बोलणार नाही. पण ह्यांनी चपला पायरीखाली काढून ठेवल्या होत्या, हे मी पाहिलंय!