अंतरपटाला वेल्क्रो

भाईंदर (पूर्व),
६ मार्च २०२५

ती. उत्तमदादास,
शुभदाचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोन न करता पत्र का लिहितेय ते तुला ठाऊक आहे. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू चिडतोस. पत्रावर चिडलास तरी तुझं ओरडणं नगरहून इथं पोचायला चार दिवस लागतात.

बातमी अशी की गुड फ्रायडेला आमच्या मंडळीत निवासमंडप उभा राहतोय. खऱ्या मापाचा नाही रे बाबा, खारीगावातल्या आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये मावेल एवढाच. काम भगिनी मंडळाकडे, म्हणजे माझ्याच गळ्यात. शेजारच्या हंसाबेन भरतकामाला येतायत. त्या जैन, त्यामुळे त्यांना मुळापासून सांगावं लागलं: इस्राएल लोक वाळवंटात फिरत होते तेव्हा त्यांचं देऊळ म्हणजे एक तंबू. अंगणात होमाची वेदी आणि हातपाय धुवायचं पितळी गंगाळ. आत भाकरींचं मेज, सात दिव्यांचा दीपवृक्ष आणि धूपवेदी. मग एक जाड पडदा, तो अंतरपट. त्याच्या पलीकडे कराराचा कोश, देवाची जागा. तिथं फक्त महायाजकाने जायचं, तेही वर्षातून एकदा. हंसाबेननी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, तो फिर अंदर झाडू कौन मारता था? इतकी वर्षं संडे स्कूल घेतेय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

गाडी अडलीय ती अंतरपटापाशी. शास्त्रात निळा, जांभळा, किरमिजी असे रंग सांगितलेत. केबिन रोड पालथा घातला. दुकानदार चमकीचं नेट पुढे करतो आणि आंटी, ये भी पर्पल ही है म्हणतो. तुमच्या चर्चच्या कपाटात जुने पडदे असतील तर बघशील का?

आणि दुसरं. तुझी लेक रुचिता सांगत होती, रविवारी तू चर्चपर्यंत जातोस, बाहेर कडुलिंबाच्या पारावर बसतोस आणि तसाच घरी येतोस. आनंदीवहिनी जाऊन दोन वर्षं झाली, दादा. मला तुझी फार काळजी वाटते. आडून आडून लिहायला मला जमत नाही. मला तू आत बसलेला बघायचाय. गुड फ्रायडेला इकडे ये.

राग पोस्टाने येऊ दे, माया आहेच असं धरून चालते.
तुझी,
शुभदा

---

नगर,
१४ मार्च २०२५

चि. सौ. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रागावलो. आता कामाचं.

मंडप उभारताय तर जत्रेतल्या देखाव्यासारखा उभारू नका. लोकांना कळू दे की ते सामान आपल्यासाठीही आहे. वेदी म्हणजे क्रूस. आपल्या वाटचं बलिदान तिथं एकदाच झालं, आता बकरं शोधायला नको. गंगाळ म्हणजे रोजचं धुणं. बाप्तिस्मा झाला म्हणून कुणाचे हात मळायचे थांबत नाहीत, तुमच्या कमिटीचे तर नाहीतच. मेजावरची भाकर म्हणजे ख्रिस्त, दिव्यातला उजेडही तोच. धूप म्हणजे प्रार्थना. आणि मेहेरबानी करून आत खुर्ची ठेवू नका. अख्ख्या मंडपात बसायला काही नव्हतं, कारण याजकाचं काम कधी संपतच नव्हतं. काम पुरं करून बसला तो एकटा ख्रिस्त.

पारावर बसतो ते खरं आहे. सध्या मी अंगणातला माणूस आहे असं समज. वेदी आणि गंगाळ इथपर्यंत ठीक. धूपवेदीपाशी पाय अडतो. देवाशी भांडण नाही, बोलणं बंद आहे. आनंदीसाठी हॉस्पिटलात बसून प्रार्थना करत होतो आणि ती मध्येच गेली. त्यानंतर तोंडातून शब्द निघत नाही. यावर उपदेश लिहू नकोस, तो मला तुझ्याहून जास्त पाठ आहे.

चर्चचे पडदे उंदरांनी खाल्ले. म्हणून आनंदीची जांभळी साडी पाठवतोय, किरमिजी काठांची. नाताळला नेसायची ती. तिचं कपाट पहिल्यांदाच उघडलं. दुसरं काही बघवलं नाही, ही वरच होती. काम झालं की घडी घालून परत पाठव. तुझा चहा तिच्यापासून लांब ठेव.

भाऊ खडूस असला तरी आपलाच, हे विसरू नये.
तुझा,
उत्तमदादा

---

भाईंदर (पूर्व),
५ एप्रिल २०२५

ती. दादास,
सप्रेम सलाम.

साडी पोचली. पार्सल फोडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. चहा दुसऱ्या खोलीत होता.

अंतरपट तयार आहे, आणि असा झालाय की दृष्ट लागावी. कडेने निळी पट्टी, मध्ये समोरासमोर दोन करूब देवदूत, पंख पसरलेले. हंसाबेननी पहिल्यांदा काढले तेव्हा थेट आमच्या गच्चीवरची कबुतरं दिसत होती. उसवून पुन्हा काढले. खुर्चीचंही तुझं ऐकलं. महायाजकाची भूमिका करणारे आमचे परागराव गुडघ्यांचं दुखणं सांगून प्लास्टिकची खुर्ची आत सारत होते. मी ती उचलून बाहेर ठेवली. आता ते धूपवेदीला टेकून उभे राहतात आणि त्यांच्या पाठीला सोनेरी कागद चिकटतो.

दादा, आता जे लिहायचंय त्यासाठी पाणी पिऊन आले.

परवा आमच्या चर्चचे पाळक जितेंद्रसाहेब मंडप बघायला आले. अंतरपटापुढे बराच वेळ उभे राहिले, तोंड भरून कौतुक केलं, आणि मग विचारलं की तीन वाजता हा फाडणार कोण. दुपारी तीन वाजता ख्रिस्ताने प्राण सोडला तेव्हा देवळातला पडदा वरून खाली फाटला, हे मी दर वर्षी पोरांना सांगते. पण शिवताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही. टाक्यांत इतकी गुंगले की तो कशासाठी टांगायचा तेच विसरले. हंसाबेन तर म्हणाल्या, इतना मेहनत फाडने के लिए करवाया क्या, आणि सुई डब्यात टाकून घरी गेल्या.

मग मी तोडगा काढला. केबिन रोडवरचं तेच नेट आणायचं, त्याचे दोन तुकडे मध्ये वेल्क्रोने जोडायचे आणि साडीच्या पुढे टांगायचे. वेळ आली की ओढायचं. खर्रर्र आवाजही छान येतो. पाळकसाहेब हसले. म्हणाले, ताई, वेल्क्रो उपासनेनंतर परत चिकटतं. तो पडदा फाटला म्हणजे देवाची वाट सगळ्यांना कायमची उघडी झाली, तो परत कुणी चिकटवू शकलं नाही. पण मग साडी कुणाची ते मी त्यांना सांगितलं. म्हणाले, दादांना विचारा, ते म्हणतील तसं करू.

म्हणून विचारतेय. तुझ्या होकाराशिवाय तिला कात्री लागणार नाही.

रागाव, पण ये.
तुझी वेंधळी,
शुभदा

---

नगर,
९ एप्रिल २०२५

चि. शुभदास,
आशीर्वाद.

फाडायचा नाही.

आनंदीचं म्हणून माझ्यापाशी काय उरलंय ते मला माहीत आहे. पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांची बायको सुखरूप आहे. त्यांनी खुशाल वेल्क्रो ओढावं, देवाला चालेल. एवढी वर्षं मुलांना धडे देऊन पडदा कशासाठी असतो ते विसरणारी बाई जगात तूच असशील.

गुड फ्रायडेला येतोय. उपासनेला नाही, साडी न्यायला. तीननंतर ताबडतोब माझ्या हातात दे.

कळावे, एवढंच.
उत्तमदादा

---

नगर,
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. शुभदास,
ईस्टरचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू दिलेल्या चकल्या कल्याणच्या आतच संपल्या.

त्या दिवशी ऐन वेळी तू डोळे गच्च मिटून बसली होतीस आणि नंतर नुसती रडत होतीस. म्हणून काय झालं ते लिहितो. तुला त्याचा हक्क आहे.

मी मागे दाराजवळ बसलो होतो. तुझं वेल्क्रो वेळेआधीच सुटलं, कारण परागराव धूपवेदीला टेकायला गेले आणि तोल जाऊन त्याला लटकले. खर्रर्र. पुढची सगळी बाकं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? नेट खाली पडलं आणि मागे आनंदीची साडी दिसली. पाळकसाहेब वाचत राहिले. तो क्षण आला तेव्हा त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवून नाही म्हणालीस आणि डोळे मिटलेस. माझ्यासाठी तू भर सभेत गुड फ्रायडे अडवून धरलास, वेडाबाई.

मी उठलो तो साडी काढून घ्यायला. देवाशपथ सांगतो, दुसरं काही मनात नव्हतं. वेदी, गंगाळ, मेज, दिवे ओलांडून गेलो. धूपवेदीपाशी नेहमीसारखा अडणार होतो, पण तुम्ही तिथं वाट इतकी अरुंद ठेवलीय की थांबलो असतो तर पेटलो असतो. पडद्यापाशी पोचलो आणि त्यात तोंड खुपसलं. वाटलं, तिचा वास येईल. डांबरगोळ्यांचा आला. शुभे, दोन वर्षं ते कपाट मी जिवापाड बंद ठेवलं, आणि आत ती नव्हतीच. ती केव्हाच पलीकडे गेलीय, ज्याच्याशी मी बोलत नव्हतो त्याच्यापाशी. आणि मी मूर्ख, मधला पडदा छातीशी धरून बसलो होतो.

तू वरची शिवण दुहेरी घातलीस. हाताने तुटेना. कुणीतरी पुढे सारलेल्या स्टुलावर चढून दाताने टाका तोडला, तेव्हा एक लहान मुलगी आजोबा साडी खातायत असं ओरडली. मग फाडली. वरून खाली, दोन्ही करुबांच्या मधून. हंसाबेनना सांग, पंखांना धक्का लागला नाही.

फाडता फाडता मी पलीकडेच जाऊन उभा राहिलो. पायात चपला, डोळ्यांना धारा, समोर तुमचा थर्माकोलचा कोश. मला कुणी हाकललं नाही. तिथंच तोंड उघडलं. दोन वर्षांत देवाशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि काय बोललो असेन सांग? आनंदीची नाताळची साडी मी फाडलीय, ती माझ्यावर भयंकर चिडेल, तूच तिला जरा समजाव.

लहान बहिणीने मोठ्या भावावर अशीच दादागिरी करत राहावी.
तुझा,
उत्तमदादा