मशीन बंद पडल्यावर

माय, तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळं तुझी नात तुला ठाऊक नाही. आता नववीत आहे. तुझ्यासारखीच जन्मापासून बहिरी. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बायको तिथंच रडायला लागली. माझ्या डोळ्यांपुढं मात्र आधी तू आलीस. देवगाव रंगारीच्या घरात चुलीपुढं बसलेली आहेस, दूध वर येतंय, त्याचा आवाज तुला नाही, पण नजर पातेल्यावरून हलत नाही. तुझ्याशी बोलायचं ते हातानंच. कुण्या शाळेतली भाषा नव्हती ती, तुझी तूच केलेली. मिशीला पीळ दिला की आबा. चिमटीनं हवेतलं काही वेचलं की कापूस. बोलता बोलता मी दाराबाहेर बघितलं की तू हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडं फिरवतेस, चांगली रागावून. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "मुकीचं पोरगं हातानं लई बोलतंय." मला त्यात नवल वाटत नव्हतं. सगळ्यांच्याच आया अशा बोलत असतील, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पोरीचं नशीब तुझ्याहून बरं निघालं, असं आम्ही धरून चाललो. ती लहान असतानाच सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. एक यंत्र कानामागं कातडीखाली बसवलं, दुसरं बाहेर कानावर लावायचं. घरात आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणतो. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घरात हातवारे एकदम बंद. हात दिसले की ती ऐकायचा कंटाळा करेल." आम्ही ते पाळलं. तिच्यासमोर मी हात खिशात ठेवायला लागलो. आणि पोर बोलली, माय. चितेगावच्या कंपनीतून ड्युटी करून आलो होतो, डबाही खाली ठेवला नव्हता, तर दारात येऊन "पप्पा" म्हणाली. मी चपला घालूनच स्वयंपाकघरात गेलो, बायकोला सांगायला.

दिवाळीनंतर ते कानावरचं मशीन बंद पडलं. दुकानवाला म्हणाला, "हे मॉडेल कंपनीनंच बंद केलं. पार्ट येत नाहीत, नवीनच घ्यावं लागेल." नवीन घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. ज्या कार्यालयातून पहिलं मंजूर झालं होतं तिथं गेलो. तिथला माणूस चांगला होता, बसा म्हणाला, पाणी दिलं. "योजनेत एकदाच मिळतं, साहेब. दुसऱ्यांदाची सोय नाही." त्याच्याशी भांडावं असं काही तो बोललाच नाही. मग कुणीतरी साहित्यवाटपाचं शिबिर सांगितलं. मांडवात तीनचाकी सायकली, कुबड्या, पांढऱ्या काठ्या ओळीनं मांडलेल्या. पोरीला कानाचं साधं यंत्र दिलं, नुसता आवाज मोठा करणारं, जे तिला काहीच कामाचं नाही. मी तसं सांगितलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "घ्या हो, रिकाम्या हातानं कशाला जाता?" स्टेजवर पाहुण्यांसोबत तिचा फोटोही निघाला, हातात खोकं धरून.

आता ती वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि सर फळ्याकडं तोंड करून शिकवतात. ओठ दिसत नाहीत. मोबाईलमध्ये बोललेलं लिहून येतं, पण माझं "व्हय" आणि "नाय" त्याला कळत नाही, भलतंच उमटतं. मूकबधिर शाळेतही नेऊन आणलं. तिथली पोरं खुणांनी भराभर बोलत होती, हसत होती. ती माझा शर्ट धरून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, यांना येतं. मला हे पण येत नाय." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तिचा आवाज फार चढलाय. सगळे शिक्षक वळून बघायला लागले. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

काल संध्याकाळी मुकुंदवाडीच्या आमच्या ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "आजी कशी बोलायची? दाखवा ना." इतक्या वर्षांनी मी तिच्यासमोर हात बाहेर काढले. आबांच्या मिशीला ती पोट धरून हसली. कापूस तिनं झटक्यात उचलला. पुढं मात्र फार थोडं आठवलं, माय. तू दिवसभर केवढं बोलायचीस आणि माझ्याकडं मूठभरही उरलं नाही. मग तिनं विचारलं, "भिऊ नको, हे कसं म्हणायची?" मला आठवेना. तू ते कधी म्हणालीस का, तेही आठवेना. ती माझ्या हातांकडं बघत थांबली होती. मी तिच्या हातावर माझा तळवा ठेवला आणि हळूच दाबला. "असं," म्हणालो. तिला माझे ओठ वाचता आले. आज सकाळी शाळेला निघताना तिनं माझ्या हातावर तसंच केलं आणि गेली.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे पत्र कुठं टाकायचंही नाही. तरी सांगून ठेवतो. ती खूण तुझी नव्हती, माय. मीच केली आणि तुझी म्हणून दिली.