पुसलेली रेघ

अण्णा, यंदाही शर्यतीची रेघ मीच मारली. तुम्ही सांगायचात तसा चुना आदल्या संध्याकाळी चाळून ठेवला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोईसरच्या आपल्या कॉलनीत जानेवारीतल्या शर्यतीला काही अडलं की लोक तुमचीच आठवण काढतात. मीही तुमच्याकडून पुष्कळ शिकले. पाणी वळणाच्या आधी ठेवायचं नाही, मुलं घसरतात. पाहुण्यांचं भाषण धावण्याआधी होऊ द्यायचं नाही, पाय गार पडतात. आणि मागे राहिलेल्यासाठी थांबायचं नाही. हे शेवटचं शिकवायला तुम्ही आईला वापरलंत.

मी तेव्हा दहावीत होते. शर्यतीच्या पहाटे आई स्वयंपाकघरात मोठं पातेलं भरून पोहे करायची, तुम्ही चमचाभर तोंडात टाकून म्हणायचात, मीठ कमी आहे, पण धावून आलेली माणसं काहीही खातात. त्या वर्षी तिने पोहे झाकून ठेवले, साडीवर माझे बूट घातले आणि पदर खोचून बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पाठीवर नंबर मीच टाचला होता. तुम्ही तिला पाहिलंत आणि स्वयंसेवकांना म्हणालात, "आज पोहे गारच खायचेत वाटतं." सगळे हसले. तीही हसली.

उमरोळीच्या बाजूने ती परत येत होती तेव्हा रस्त्यावर धावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. कामावर निघालेल्या माणसांची कंपनीची बस येऊन उभी होती. तुमचा नियमच होता, बस आली की शर्यत संपली, आणि संपली की रेघ पुसायची, नाहीतर दुपारपर्यंत कुणीही येऊन मीपण पुरी केली म्हणतो. तुम्ही आईकडे पाहिलंत, मग बादली ओतलीत आणि खराटा उचललात. मी म्हटलं, "अण्णा, आई येतेय."

"दिसतंय मला."

तुम्ही पुसत राहिलात. ती पोचली तेव्हा तिथे फक्त ओलं डांबर होतं. कुठे थांबायचं ते तिला कळेना. ती तशीच पुढे चालत पोह्यांच्या टेबलापर्यंत गेली आणि वाढायला लागली. तुमची बशीही तिनेच भरली. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, की बायकोसाठी रेघ ठेवली असती तर कॉलनीने तोंडात शेण घातलं असतं. ती त्यावर बोलली नाही, नंतरही कधी नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती तशीच गप्प बसून होती. लोकांना ते दुःख वाटलं.

यंदा मी तिला पुन्हा उभं केलं. ती नको म्हणत होती, गुडघे दुखतात म्हणाली. मी ऐकलं नाही, नवे बूट आणले. ती चालतच निघाली. सगळे येऊन गेले, पोहे संपले, मग बस आली, ती मी रेघेपाशी अडवून धरली. माझ्यासोबत रस्ता सांभाळणारा, इथल्याच माहीम गावचा माणूस कानाशी येऊन म्हणाला, "ताई, सोडा आता बस. लोकांची हजेरी जायची हाय, शिव्या आमी खायच्या." मी हललेही नाही. बसच्या खिडकीतून कुणी ओरडलं, "माताजी, बैठ जाओ, हम छोड़ देंगे," आणि आतली माणसं हसली.

आई रेघेच्या अलीकडेच थांबली. तिने बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खराटा कुठाय?"

"आई, आधी ओलांड तरी."

"तुझ्या अण्णांना दाखवायचंय ना तुला? मग मला कशाला चालवलंस एवढं?"

खराटा तिनेच शोधून आणला. रेघ न ओलांडता, अलीकडे उभी राहून, वाकून तिने ती पुसली. मी पाणी ओतत होते. बस गेली.

हे पत्र कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवण्याची हिंमत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, ती लांबून पाय ओढत येत होती तेव्हा मी तिच्याकडे बघतच नव्हते. तुम्ही ज्या खांबाला टेकून उभे राहायचात, त्या खांबाकडे बघत होते.