हाक मारून पाहिलेली नावं

प्रिय वुकाशिन,

आज रविवार, १४ सप्टेंबर २०२५, सकाळचे साडेसहा. तुमच्या अंगणात चुलीवर लाल मिरच्या भाजायला घातल्या आहेत. तुझी आई त्यांची सालं काढते आहे आणि मी कागदाला काजळी लागू नये म्हणून दर दोन ओळींनी हात पुसत हे लिहितो आहे.

तुझ्या लग्नात साक्षीला कूम म्हणून मी उभा राहिलो, तेव्हा आपल्या रिवाजाने तुझ्या लेकीचं नाव ठेवायचा मान माझा, आणि कूम ठेवील ते आईबापांनी निमूट घ्यायचं. मान मोठा आहे रे, पण मी आठवीत शाळा सोडून टायरच्या दुकानात लागलेला माणूस. एक अख्खी मुलगी जन्मभर माझा शब्द घेऊन फिरणार, या विचाराने घास उतरत नाही. त्यात तू फोनवर म्हणालास, "मान तुझाच, पण आईचं नाव किती छान आहे, नाही?" तुझ्या बायकोनेही, हॅरिएटने, लीड्सहून कळवलं, की स्टाना हे नाव तिथल्या नर्सना फार आवडलं, म्हणायलाही सोपं आहे. दुपट्यावर भरून मात्र घेतलं नसशील, अशी आशा करतो.

इथे सगळं गाव मला नावं सुचवतं आहे. तुझ्या बोसिल्काआत्याने दुकानात येऊन बजावलं, "ग्रोझ्दाना ठेव. द्राक्षाच्या घोसासारखी होईल पोर." मी म्हटलं, आत्या, इंग्रजांच्या कानाला ते 'ग्रोस', म्हणजे किळसवाणं, असं लागतं. "मग कान धुवावेत की त्यांनी," म्हणाली आणि टायरवर बसून कॉफी मागितली.

तुझ्या आईची रीत निराळी. नाव कागदावर कळत नाही, हाकेत कळतं, असं तिचं म्हणणं. काल संध्याकाळी ओसरीवर उभी राहून तिने आलुबुखारांच्या बागेकडे तोंड करून एकेक नाव हाकारलं. वेस्ना, म्हणजे वसंत. लांबवर गेलं, पण हॅरिएट म्हणते तिकडे ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. वेरा, म्हणजे श्रद्धा. तेही गोड, पण इंग्लंडात त्या नावाच्या बायका बहुतेक काठी टेकत चालतात म्हणे. मग तिने "मीला!" अशी हाक दिली आणि कुंपणापलीकडून ऐंशी वर्षांची शेजारीण मीलाबाई ओरडली, "काय गं, कोण मेलं?" आम्ही दोघं हसून हसून पायरीवर बसलो.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, स्टानामावशी, आता तुझं नाव हाकारून बघ. तिने हाकारलं नाही, नावाची गोष्ट सांगितली. आपण दोघं समजत होतो की ते तिला तिच्या आजीवरून मिळालं. तसं नाही. ती चौथी मुलगी. आता मुली पुरे, म्हणून तिच्या बापाने स्टाना ठेवलं, म्हणजे 'इथेच थांब'. "मला हाक मारायचे ना, ती मला नसायचीच," ती म्हणाली, "माझ्यामागून येणाऱ्यांना असायची." एवढं बोलून परत हसायला लागली. "आणि तरी दोघी आल्याच बघ! माझ्याच्याने काही कुणी थांबलं नाही. मला सवय झाली या नावाची, पण पोरीला नको. वुकाशिनला लिहून कळव. फोनवर तो रडतो आणि मला पुढचं ऐकू येत नाही."

म्हणून फोन न करता लिहितो आहे. कूम या नात्याने मी तुझ्या लेकीचं नाव मीला ठेवतो. हॅरिएट शिकवते त्या वर्गात म्हणे दोन मीला आहेत, दोघी पक्क्या इंग्रज, आणि अर्थ दोघींनाही माहीत नाही. त्या लोकांनी नाव नेलं, अर्थ इथेच राहिला. तो मी पाठवतो: लाडकी, प्रिय. कुणाला थांबवायला नाही, ती स्वतः आली म्हणून ठेवलेलं नाव. शेजारच्या मीलाबाईंनी तर आत्ताच लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. आणि मी पोरीला पहिलं पत्र लिहीन, तेव्हा सुरुवातीलाच 'प्रिय' दोनदा म्हटल्यासारखं होईल. तेवढं तिला चालेल.

तुझाच कूम,
ओग्न्येन

ता. क. बारशाचं पांढरं कापड, मेणबत्ती आणि क्रूस मिळून ४,३०० दिनार. रिवाजाप्रमाणे माझे, मी दिले. तुझ्याकडून येणं एकच: आईला फोन. त्यात आधी पोरीचं नाव घे, मग रड.