फळ्यावरची कालिंदी

कोल्हापूर,
३ ऑगस्ट १९७३

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या अंबादासचा साष्टांग नमस्कार. गगनबावड्याच्या पावसात तुझे गुडघे कसे आहेत, आणि म्हैस अजून भावजींनाच लाथा मारते का, ते कळव. माझं उत्तम चाललंय. भात स्वतः करतो. तो कधी पेज होतो, कधी करपतो. दोन्हीला मी भातच म्हणतो.

परवा इन्स्पेक्टरसाहेब माझा पाठ बघायला आले. पाठ होता इंग्रजीतल्या त्या लांबलचक काळाचा, ज्यात पुढच्या वर्षापर्यंत माणूस काय करत आलेला असेल ते आजच सांगून टाकायचं. (इंग्रजांचा भविष्यावर भारी भरवसा. आपण उद्याच्या भाजीबद्दलसुद्धा 'बघू' म्हणतो.) या काळाला माझं उदाहरण वर्षानुवर्षं एकच: येत्या मे महिन्यात मी कालिंदीबरोबर इतकी वर्षं संसार करत आलेला असेन. दरसाल फक्त आकडा वाढवायचा. पोरं तो ओरडून सांगायची. बायकोला फळ्यावर चढवणारा मास्तर जगात एकच, म्हणून ही घरी रागवायची, पण यंदा आकडा कितवा ते विचारल्याशिवाय चहा द्यायची नाही.

परवा हात आपोआप चालला. अख्खं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं, तीसचा आकडा घातला आणि वळलो. पोरं खाली बघत होती. मला वाटलं, साहेबांना घाबरली. साहेब मात्र खूश. मागच्या बाकावरून म्हणाले, तीस वर्षांचा संसार, वा, बाईंना आमचा नमस्कार सांगा. आणि अक्का, मी 'सांगतो' म्हणालो.

तेवढ्यात आमचा गुंडू शिपाई (चैत्रात तिला पुढून खांदा दिला तोच) आत आला. माझ्या हातातलं डस्टर घेऊन हळू म्हणाला, "सर, औंदा हे वाक्य ऱ्हाऊ द्या की." त्यानं आधी आकडा पुसला, नाव शेवटी. मला भर वर्गात रडू आलं. साहेबांनी वहीत शेरा मारला, शिपाई अध्यापनात ढवळाढवळ करतो. हेडमास्तरांनी त्यांना बाहेर नेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण शेरा खोडलेला दिसला. उरलेला तास मी झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याच्या उदाहरणावर भागवला.

तू काळजी करू नकोस. मला इथं कशाची उणीव नाही. भावजींना नमस्कार.

तुझा,
अंबादास

ता. क. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचं राहिलंय. तीनदा कचेरीकडे निघालो आणि तिन्ही वेळा दुकानातून दोघांची साखर घेऊन परत आलो.

पुन्हा ता. क. चार दिवस ये. ते नाव तूच कमी करून आण. अर्जात कारण लिहावं लागतं. ते माझ्या हातानं लिहवत नाही.