बाबांच्या मापाची पेटी

मोखोत्लोंग
शनिवार, १९ जुलै, दुपार

प्रिय सेखोबेदादा,

तुझ्या घरात शांती असो. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वेल्कोमला निघालेल्या टॅक्सीवाल्याच्या हातात देते आहे. तो तुझ्या सुतारकामाच्या शेडवर आणून देईल.

आम्ही बरे आहोत. डोंगर अजून पांढरे आहेत, पण रस्ता परवापासून सुरू झाला. बाबांचा खोकला या हिवाळ्यात कमी आहे. दुपार कलली की घोंगडी पांघरून ते भिंतीतल्या शेकोटीसमोर बसतात. खाली पोपलरची लाकडं, वर गोवऱ्या. राखेत बटाटे खुपसायचे, शेजारी आंबिलीचं भांडं ठेवायचं आणि सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. परवा म्हणाले, "पुसे, चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला आणखी काय लागतं? तोंड भाजतंय, पाठ गारठतेय, म्हणजे जिवंत आहे."

मीही बसते त्यांच्याजवळ. आग बघत बसलं की बोलावं लागत नाही. ते मला बरं पडतं.

पण आता बोलायला हवं. तू बाबांसाठी केलेली शवपेटी आम्ही जाळली. एक फळीही उरली नाही. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

तीन तारखेला बर्फ सुरू झाला. चौथ्या दिवशी दार ढकलून उघडावं लागलं. अंगणातला गोवऱ्यांचा ढीग बर्फाखाली गोठून दगड झाला होता. घरातलं सरपण जेमतेम दुपारपर्यंत पुरलं असतं. आम्ही दोघंच असतो, तर मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या उबेला बसलो असतो. पण आम्ही दोघंच नव्हतो.

तुझी लेक लिपुओ इथे आहे, दादा. मे महिन्यापासून. पोट दिसायला लागलं तेव्हा तू तिला "या घरात तुझं काही नाही" म्हणून बाहेर काढलंस, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती इथे उतरली. हातात एक पिशवी, पायात कापडी बूट. मी तुला कळवलं नाही, कारण तिने तशी शपथ घातली होती. आणि खरं सांगते, तूही विचारलं नाहीस.

सहा तारखेला सकाळीच तिला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधी. दवाखाना नदीपलीकडे, रस्ता बंद. मला मूल नाही हे तुला ठाऊक आहे. मेंढीचं बाळंतपण केलंय, माणसाचं नाही. ऊब एवढ्या एकाच खोलीत. बाबांनी तिथून उठायला हवं, पण जाणार कुठे? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, डोक्यावरून घोंगडी घेतली आणि म्हणाले, "मी इथे नाही. चालू द्या तुमचं."

दुपारी शेवटचं लाकूड घातलं. लिपुओचे ओठ निळे पडत होते. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला उठताही येईना. मी म्हटलं, "बाबा, सरपण संपलं." ते उठले, भिंत चाचपत मागच्या खोलीत गेले. मग कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला. मग दुसरा.

मी ओरडले, "बाबा, ती तुमची पेटी आहे."

"माहीत आहे कोणाची आहे ती," आतून आवाज आला. "मला घाई नाही. या पोराला आहे."

एकेक फळी त्यांनी पाठमोरं सरकत माझ्यापर्यंत आणली. तुझ्या पॉलिशचा असा धूर झाला की दार उघडावं लागलं. आत बर्फ यायला लागला, मी परत लावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं सगळ्यांच्या. फळ्या चांगल्या होत्या, दादा. भडकल्या आणि टिकल्याही.

झाकण जळत होतं तेव्हा मूल आलं. मुलगा. आला आणि गप्प. निळसर, हातात ओल्या कपड्यासारखा. मी त्याला शेकोटीच्या कडेला धरून घोंगडीने चोळत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. लिपुओ विचारत होती, "आत्या, रडत का नाही?" मी आणखी जोरात चोळलं. बाबा भिंतीशी बोलल्यासारखं पुटपुटत होते, पूर्वजांची एकेक नावं घेत होते. त्यात तुझंही घेतलं. तू जिवंत आहेस हे त्यांना माहीत आहे, तरी घेतलं.

मग तो शिंकला आणि रडला.

नर्सबाई दोन दिवसांनी घोड्यावरून आल्या. दोघंही ठीक आहेत म्हणाल्या.

आता माझं. त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तू पेटी घेऊन आलास आणि ते आजारातून उठून बटाटे खात बसलेले दिसले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "माप कोणी दिलं?" तू म्हणालास, "अंदाजाने केली." त्यांनी तुला दाराबाहेर काढलं आणि मी मान खाली घालून चहा ओतत राहिले. ते तापात पडलेले असताना सुतळीने माप मीच घेतलं होतं. तुला पाठवलंही मीच. तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी दोन वर्षं ते तसंच चालू दिलं.

बाबांनी राखेतला एक बटाटा उकरून काढला. मग म्हणाले, "खांद्यांना माप जरा कमी घेतलं होतंस." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद आणायला सांगितला. मला लिहायलाच इतके दिवस लागले.

त्यांचा निरोप असा: सेखोबेला सांग, मी त्याच्यावर रागावलो ते चुकलं. आणि तो पोरीवर रागावला तेही चुकलं. माझं मी कबूल केलं.

बाळाचं नाव बाबांनी ठेवलं आहे. मी लिहिणार होते. लिपुओ मागे उभी राहून वाचते आहे. तिने माझ्या हातातलं पेन धरलं. म्हणाली, "नाव नको लिहू आत्या. त्यांना हवं असेल तर इथे येऊन मला विचारू दे."

म्हणून लिहीत नाही.

दोन वर्षं गप्प बसलेली, तुझी धाकटी बहीण,
पुसेलेत्सो